नवमीची पहाट आणि बारा फोटो

मागच्या बैठकीला मी काकांचा जुना यशिका कॅमेरा घेऊन आले होते. तो हातात घेणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "काढलेला फोटो ह्यात दिसतो कुठे?" दिसत नाही. रोल संपवायचा, धुवायला द्यायचा, आणि मग आठवड्याभराने कळतं की आपण काय बघितलं होतं. त्यावर एकजण म्हणाला की मग ह्यात शिकण्यासारखं काय आहे, हे लिहून दे. म्हणून हा लेख. विषय छोटा ठेवला आहे: पहाटेच्या वेळी किनाऱ्यावरचं शांत पाणी जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर कसं टिपायचं. ह्याच विषयात मी एक अख्खा रोल वाया घालवला आहे, त्यामुळे त्याबद्दल बोलायचा थोडाफार अधिकार आहे असं मी मानते.

आधी हे खूळ आलं कुठून ते सांगते. माझं गाव कुंभारवाडा, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात. चारी बाजूंना जंगल. नकाशात समुद्र जवळ दिसतो, पण मध्ये अणशीचा घाट आहे. आमच्या भागातलं पाणी काळी नदीला जातं. ही नदी जोयडा तालुक्यातच डिग्गीजवळ उगम पावते आणि साधारण १८४ किलोमीटर वाहून कारवारला सदाशिवगडाच्या पायथ्याशी अरबी समुद्राला मिळते. आजीचं माहेर सुप्याच्या बाजूचं. सुपा हे तेव्हा तालुक्याचं ठिकाण होतं. गणेशगुडीजवळ काळीवर धरण बांधलं गेलं, १९८७ साली ते पूर्ण झालं, आणि जुनं सुपा पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. आजी त्या नदीबद्दल बोलते ते एखाद्या भांडलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं. गुडघ्यांमुळे तिला आता घाटातला प्रवास झेपत नाही. मी सुट्टीला गेले की ती विचारायची, "खाली कारवाराला ते पाणी शेवटी गप होतं का गं? एकदा बघून ये. फोटो आण."

मोबाइलवर काढला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण आजीला मोबाइलच्या पडद्यावरचं काही नीट दिसत नाही, आणि तिच्या लेखी फोटो म्हणजे काकांनी काढलेला, कागदावरचा. काका लग्नांचे फोटो काढायचे. त्यांचा कॅमेरा कपाटात होता.

तर कॅमेरा. यशिका मॅट १२४ जी हे मॉडेल १९७० साली बाजारात आलं आणि १९८६ पर्यंत बनत होतं. समोरून त्याला एकावर एक असे दोन डोळे असतात. वरच्या भिंगातून आपण बघतो, खालच्या भिंगातून फोटो निघतो. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. चित्र सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलटं. होडी उजवीकडे सरकली की काचेत ती डावीकडे जाते. पहिल्या दिवशी डोकं फिरतं, नंतर सवय होते. १२० नंबरचा रोल लागतो आणि त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे फक्त बारा फोटो येतात. आतला मीटर ज्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा ते सेल आता मिळत नाहीत. दुसरे घातले तर मीटर थापा मारतो. मी मोबाइलमधलं मीटरचं ॲप वापरते आणि आकडे वहीत लिहून ठेवते. (हो, जुन्या कॅमेऱ्यासाठी शेवटी मोबाइल लागलाच. काकांना हे सांगितलेलं नाही.)

एक गोष्ट कोकण-कारवारच्या लोकांसाठी: आपल्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते. कातडी केसमध्ये ठेवलेला कॅमेरा सगळ्यात आधी सडतो. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून उजेड दाखवा.

आता पहाट. इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून आपण जी पहिली चूक करतो ती म्हणजे समुद्रातून सूर्य उगवेल अशी वाट बघणं. आपल्या किनाऱ्यावर, डहाणूपासून कारवारपर्यंत, सूर्य समुद्रात मावळतो. उगवतो तो पाठीमागे, सह्याद्रीवरून. पहाटे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलात तर प्रकाश तुमच्या पाठीशी असतो, आणि समोर पश्चिमेला क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा दिसतो. ती पृथ्वीची स्वतःची सावली. तिच्यावर फिकट गुलाबी पट्टा. सूर्य वर येतो तसतशी ती सावली खाली सरकते आणि समुद्रात बुडून जाते. रंगीत फिल्म असेल तर हे दृश्य फार सुंदर येतं. कृष्णधवल फिल्मवर मात्र ते दोन्ही पट्टे जवळजवळ एकाच राखाडी छटेचे होतात, म्हणून तिथे फिल्म खर्च करू नये असं माझं मत आहे.

सूर्याच्या बाजूला बघायचं असेल तर खाडीवर जावं लागतं, जिथे नदीचं पाणी पूर्वेकडून येतं. कारवारला कोडीबागेच्या बाजूने काळीच्या वरच्या अंगाला बघितलं की समोर पाणी, त्यामागे डोंगरांच्या एकामागे एक रांगा, आणि वर उजळणारं आकाश. आजीला दाखवायचं पाणीही तेच होतं.

दुसरी चूक वेळेची. विलायती पुस्तकांत सूर्योदयाआधीच्या निळ्या प्रकाशाला 'ब्ल्यू अवर' म्हणतात. आपल्या अक्षांशांवर सूर्य जवळजवळ सरळ उभा वर चढतो, त्यामुळे तो तास आपल्याकडे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. जानेवारीच्या मध्यात कारवारला सूर्योदय साधारण सात वाजता. साडेसहाला तुम्ही जागेवर, तिवईवर, रोल भरून तयार नसाल तर घरी झोपलेलं बरं.

पण प्रकाश रोज येतो. शांत पाणी रोज येत नाही. ह्या लेखात मला खरं सांगायचंय ते इथून पुढे.

पाणी शांत दिसायला दोन गोष्टी थांबाव्या लागतात, वारा आणि ओढ. वाऱ्याचं आपण शाळेच्या भूगोलात शिकलोय: दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन लवकर निवते म्हणून जमिनीकडून मतलई वारे सुटतात. परीक्षेत दोन मार्कांना हा प्रश्न येतो आणि आपण तो विसरतो. फोटो काढणाऱ्याला मात्र त्याचा थेट उपयोग आहे. पहाटे वारा असलाच तर तो मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याजवळच्या पाण्यावर लाटा उठवायला त्याला अंतरच मिळत नाही, म्हणून काठालगतचं पाणी गुळगुळीत राहतं. सूर्य वर आल्यावर तो मंदावतो, आणि खारा वारा सुटायला दहा-अकरा वाजतात. मधली पोकळी आपली. नदीच्या दरीतून मात्र हा मतलई वारा वाहत खाली येतो आणि पाण्यावर बारीक शहारा उठवतो. अशा वेळी उघड्या पात्रापेक्षा कांदळवनाच्या किंवा वळणाच्या आडोशाला उभं राहावं. पावसाळ्यात हा सगळा हिशेब विसरा. पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले.

ओढीचं गणित कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि ते पंचांगात आहे. तिथीचा आकडा घ्या, तिनाने गुणा, चाराने भागा. जे उत्तर येईल त्या वाजता, साधारणपणे, पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणजे जवळपास पाऊण तास, आणि म्हणून हे गणित बसतं. पौर्णिमा किंवा अमावस्या, म्हणजे पंधरा धरा: सव्वाअकराला भरती, आणि तिच्या सहा तास आधी, पहाटे पाचच्या सुमाराला ओहोटी. म्हणजे सूर्योदयाच्या वेळी पाणी जोरात आत येत असतं, तेही उधाणाचं. फोटोला सगळ्यात वाईट दिवस. आणि आपण मुंबईची मुलं बाहेर पडतो ते नेमके पौर्णिमेला, कारण चंद्र सुंदर दिसतो!

आता अष्टमी घ्या. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. नवमीला पावणेसात. म्हणजे सूर्योदयाच्या सुमारासच पाणी भरून थांबलेलं. शिवाय ही भांगाची भरती. चंद्र आणि सूर्य एकमेकांशी काटकोनात असतात, त्यामुळे चढउतार कमी आणि ओढही कमी. शुद्ध असो की वद्य, महिन्यातून दोनदा हा दिवस येतो. गणित अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, खाडीत आत गेलं की आणखी उशीर होतो, आणि पाणी चढायचं थांबणं आणि ओढ थांबणं ह्या दोन गोष्टी खाडीत एकाच मिनिटाला घडत नाहीत. काळीवर तर वरती धरणं आहेत. कद्र्याहून पाणी सोडलेलं असेल तर पंचांगाचं काही चालत नाही. म्हणून पाण्यावर तरंगणारं एखादं पान बघत राहायचं. ते जागच्या जागी फिरायला लागलं की वेळ झाली.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? भिंगावर काळी काच लावा, दोन-तीन मिनिटं शटर उघडं ठेवा, कसलाही खवळलेला समुद्र दुधासारखा सपाट होतो. होतो खरा. हल्ली भिंतीवर लावायच्या फोटोंत निम्मे समुद्र तसेच असतात. मला ते फोटो आवडत नाहीत असं नाही, पण ते पुसलेलं पाणी आहे. शांत पाण्यात प्रतिबिंबाची कड सुरीसारखी येते. पुसलेल्या पाण्यात प्रतिबिंब धुराचं होतं. आणि माझ्या बाबतीत प्रश्न आवडीनिवडीचा नव्हताच. आजीने विचारलं होतं की पाणी गप होतं का. शटर उघडं ठेवून मी तिला 'होतं' असं दाखवलं असतं, तर ते खोटं बोलणं झालं असतं.

समुद्राच्या फोटोत असली तडजोड पहिल्यापासून आहे म्हणा. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्राचे जे फोटो काढले त्यांनी युरोपात लोक थक्क झाले. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा प्रकाश जरुरीपेक्षा जास्त लागायचा, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं यायचं. ल ग्रेने काही फोटोंत आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन वेगळ्या काचा एकाच कागदावर छापल्या. त्याच सुमारास आपल्याकडे, १८५४ साली, मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे फोटोग्राफी ही आपल्याकडे उशिरा आलेली गोष्ट नाही.

ल ग्रेचा प्रश्न आजही सुटलेला नाही, फक्त लहान झालाय. आकाशापेक्षा त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब नेहमी थोडं काळं येतं. किती काळं, ते कोनावर आहे. पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर ते जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं, म्हणून पायाशी तळाचा चिखल दिसतो. नजर जितकी पाण्याला समांतर होत जाते तितका आरसा पक्का होत जातो. म्हणजे कॅमेरा जितका खाली, तितकं प्रतिबिंब उजळ. इथे पोटाशी धरायचा कॅमेरा कामी येतो: तिवई गुडघ्याएवढी ठेवा, वाकून वरून काचेत बघा, चिखलात लोळायची गरज नाही. चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर मात्र घरी ठेवा. तो आपल्याला हवी तीच गोष्ट पुसतो.

एक्सपोजरसाठी मी मीटर आकाशावर धरत नाही, पाण्यातल्या उजळ भागावर धरते. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बराच सहन करते, कमी प्रकाश करत नाही. जिथे प्रकाश पोहोचलाच नाही तिथून नंतर काही काढता येत नाही. माझ्याकडे इलफर्डची एफपी-४ प्लस होती, १२५ स्पीडची. (काकांच्या वेळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळायची. आता तो कारखाना बंद आहे.) वहीतले आकडे असे: सूर्योदयाआधी वीस मिनिटं, एफ-८ ला १ सेकंद. दहा मिनिटं आधी, १/८. डोंगराची कड उजळली तेव्हा १/३०. दर दोन-तीन मिनिटांनी प्रकाश बदलतो, म्हणून प्रत्येक फोटोआधी पुन्हा मोजायचं.

अगदी अंधारात काढायचं असेल तर फिल्मचा एक स्वभाव माहीत हवा. सेकंदाच्या पुढे गेलं की फिल्म दमते. मीटर ४ सेकंद म्हणाला तर ह्या फिल्मला ६ द्यावे लागतात, १० म्हणाला तर १८. डिजिटलमध्ये हे नसतं, म्हणून तिथून आलेले लोक इथे हमखास फसतात.

मी मात्र ह्यापैकी कशातच फसले नाही. माझी फजिती वेगळीच झाली. डिसेंबरात पहिल्यांदा गेले तेव्हा कारवारला आत्याकडे मुक्काम केला, आत्याच्या मुलाला पहाटे उठवून सोबत घेतलं, तिथी बघितली नव्हती, पण नशिबाने पाणी बरं होतं. खाडीवर धुकं होतं आणि दव पडत होतं. काचेत धूसर दिसलं म्हणून रुमालाने भिंग पुसलं. बारा फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा बाराच्या बारा दुधाळ. दोन दिवस मी फिल्मला, रसायनाला, सगळ्यांना दोष दिला. मग कॅमेरा समोर ठेवून बघत बसले आणि लक्षात आलं. मी पुसलं होतं ते वरचं भिंग, ज्यातून मी बघते. खालचं, ज्यातून फोटो निघतो, ते दवाने भरलेलंच राहिलं होतं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं आणि फिल्मला काहीच दिसत नव्हतं. आता मी प्रत्येक फोटोआधी दोन्ही भिंगं पुसते. घरातून निघाल्यावर कॅमेरा लगेच उघडत नाही, पिशवीतच बाहेरच्या हवेशी जुळू देते.

जानेवारीत दुसऱ्यांदा गेले ती नवमी बघून. साडेसहाला कोडीबागेच्या काठावर. तिथला जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर नदीत कोसळला. शेजारचा नवा पूल चालू आहे. पूल मला चौकटीत नको होता, म्हणून पाठ तिकडे केली. (कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे, त्या बाजूला कॅमेरा रोखू नका, उगाच चौकशीला तोंड द्यावं लागेल.) हे पाणी साहित्यिकांना अनोळखी नाही. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी इथे आले होते, त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश होते तेव्हा. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी इथेच लिहिलं आणि काळी नदीतल्या चांदण्या रात्रीच्या होडीच्या फेरीची आठवण नंतर 'जीवनस्मृती'त सांगितली. ते चांदण्यात गेले होते, म्हणजे बहुधा ओढीची पर्वा त्यांना नव्हती.

पहिले तीन फोटो घाईत गेले. पाणी अजून आत येत होतं. काठाला बांधलेली होडी दोरीला ताण देऊन उभी होती. मग आत्याचा मुलगा म्हणाला, "ताई, दोरी बघ." दोरी सैल पडून पाण्यात बुडाली होती. होडी हळूच आडवी झाली आणि थांबली. डोंगर पाण्यात उतरले. मी काचेत बघत होते आणि उलट्या बाजूला काय आहे ते क्षणभर कळेना, डावं-उजवं उलटं आणि वर-खाली सारखं. घड्याळात सात वाजायला पाच. पुढच्या वीस मिनिटांत सात फोटो काढले. त्यानंतर दोरी पुन्हा ताणली गेली, ह्या खेपेला समुद्राच्या दिशेने. उरलेले दोन मी काढलेच नाहीत. एक घरी काकांचा काढला आणि एक आजीचा.

सातातला चौथा आठ बाय आठ इंचांत छापून घेतला आणि कुंभारवाड्याला नेला. आजीने तो ओसरीवर उजेडात धरला, मग उलटा धरला, मग पुन्हा सरळ केला. होडीवर बोट ठेवून म्हणाली, "ही नसती तर वरचं कुठलं, खालचं कुठलं कळलं नसतं." मग विचारलं, "असंच असतं होय तिथं?"

मी म्हटलं, "नाही आजी. वीस मिनिटं असतं. नंतर परत ओढ लागते."

"वीस मिनिटं," ती म्हणाली. फोटो मांडीवर ठेवला आणि पदराने पुसला. "रोज?"

"रोज थांबतं. पण असं सकाळच्या उजेडात, अष्टमी-नवमीला."

तिने काकांना हाक मारून पंचांग मागितलं.